कौसल्येचा घोळणा

घोळणा फुटून नाकातून रक्त यायला लागलं तर मान मागे टाकायची नाही. नाही म्हणजे नाही. ताठ बसायचं, थोडं पुढे वाकायचं, हाडाच्या खालचा नाकाचा मऊ भाग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत घट्ट धरायचा, तोंडाने श्वास घ्यायचा आणि गप्प बसायचं. "थांबलं का बघू जरा" म्हणून दर मिनिटाला हात काढायचा नाही. झालं! एवढंच! संपादकांनी मला नर्सच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलंय. लिहिते. पण आधी हे छापा.

कारण परवाच शेजारच्या अंगणात एका पोरीला आडवं घातलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. मान मागे, टाळूवर तांब्याने पाणी आणि नाकाशी फोडलेला कांदा. पोरगी स्वतःचंच रक्त गिळून ओकतेय आणि भोवतीच्या बायका म्हणतायत, "उष्णता हो, उष्णता." मी काठी टेकत गेले आणि सगळ्यांना झाडून काढलं. तरुणपणी हेच सांगत होते, म्हातारपणी हेच सांगतेय. माणसं चंद्रावर जाऊन आली, पण घोळण्यावरचा कांदा काही सुटला नाही.

मी गायकवाड सिस्टर. जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पण माझ्या जिभेला नगरच येतं, तेव्हा नगरच म्हणते. तर नगरच्या एका दवाखान्यात नाक-कान-घशाच्या विभागात माझी उमेदीची वर्षं गेली. लोकांना वाटायचं नाकाचा विभाग म्हणजे सर्दी-पडसं. मेडिसिनच्या सिस्टर मला चिडवायच्या, "काय गं, आज किती शेंबडं पुसलीस?" मी म्हणायची, बायांनो, या एकदा आमच्याकडे, रक्ताने न्हालेला माणूस दारात उभा राहिला म्हणजे तुमची बोबडी वळेल.

मी सांगतेय ती सगळी दुष्काळाच्या वर्षांतली हकिकत. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची. एका चिमुरडीने तिचा दाणा नाकात घातला आणि कुणाला सांगितलं नाही. काही दिवसांनी वास यायला लागला म्हणून आजी घेऊन आली. आमच्या लेले डॉक्टरांनी चिमट्याने दाणा काढला तर त्याला चक्क कोंब! आजी बघत राहिली आणि म्हणाली, "वावरात पेरलेलं उगवंना, आन् ह्या भवानीच्या नाकात उगवलं!" सगळी ओपीडी हसली. पण आजी काही हसत नव्हती हो. तिचं वावर खरंच कोरडं पडलं होतं.

दुसरा एक मेंढपाळ. महिनाभर नाकातून रक्त ठिबकतंय. घरचे म्हणायचे, दारूची उष्णता. बिचारा माळकरी होता! डॉक्टरांनी आत बघितलं तर काहीतरी वळवळलं. जळू होती. डबक्याला तोंड लावून पाणी पिताना आत गेलेली. आम्ही त्याच्या नाकाखाली गार पाण्याचा पेला धरून बसवला. जळूला पाण्याची चाहूल लागली, तशी ती हळूच डोकावली आणि डॉक्टरांनी चिमट्यात पकडली. मेंढपाळ म्हणाला, "बाटलीत घालून द्या बाई. घरी दाखवतो एकेकाला." दिली घालून. आनंदाने गेला.

झाल्या गमती. आता मला जे सांगायचंय ते सांगते, आणि रागाने सांगते.

शंभरातल्या बहुतेकांचा घोळणा साधा असतो. नाकाच्या पडद्यावर पुढेच बारीक शिरांचं जाळं असतं, कोरड्या हवेने तिथली कातडी फुटते, दाबून धरलं की थांबतं. पण काही घराण्यांत रक्त गोठण्याचंच काम बिघडलेलं असतं. दुधात विरजण घालायचं राहिलं तर रात्रभर ठेवा, दही लागेल का? तसंच. रक्त दिसायला लालभडक, अगदी चांगलं, पण गोठवणारा एक पदार्थ कमी. मग हिरड्यांतून रक्त, दाढ काढली की उशी भिजते, आणि घोळणा फुटला की थांबता थांबत नाही. असा एक रोग मुख्यतः मुलग्यांना होतो, त्याचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण त्याचाच एक भाऊबंद आहे, तो मुलींनाही होतो, आणि बापाकडून येतो तसाच आईकडूनही येतो. मुलींचे तर दुहेरी हाल. नाकाचं रक्त चारचौघांना दिसतं तरी. दर महिन्याचं कोण बघतं?

कौसल्या आली ती ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, शेवगावकडून. एसटीच्या कंडक्टरने गाडी स्टँडवर न नेता थेट दवाखान्याच्या फाटकाशी उभी केली होती. अठरा-एकोणीस वर्षांची पोर, उंच, हाडापेराने चांगली, आणि तोंड पांढरंफटक. लुगड्याचा पुढचा भाग रक्ताने कडक झालेला. घरची जमीन होती, पण त्या सालात जमीनदार काय आणि बिनजमिनीचे काय, सगळेच दुष्काळी कामावर. ही पाझर तलावावर खडी फोडत होती. घोळणा तिथे रोज कुणाचा ना कुणाचा फुटायचाच. मुकादम म्हणे, बस सावलीला. बाकीच्या बसून उठल्या, ही उठलीच नाही.

बरोबर आई, भामाबाई. विधवा, पदर नाकापर्यंत. आणि चुलता. त्याला सगळे आबा म्हणायचे. पांढरं धोतर, कोशा पटका, हातात काठी. घरात शब्द त्याचा.

डॉक्टरांनी पोरीला विचारलं, "किती वेळ चाललंय?"

आबा म्हणाला, "सकाळधरनं."

"आधी कधी झालं होतं?"

आबा म्हणाला, "हुतं आपलं उन्हाचं. समद्यांलाच हुतं."

"वय काय तुझं?"

पुन्हा आबाच! मला राहवेना. मी म्हटलं, "आबा, पोरीचं नाक वाहतंय, जीभ नाही गळून पडली. तिला बोलू द्या." त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू त्याच्या घरातली खुंटीच बोलायला लागली.

दाबून थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी नाक भरलं. म्हणजे काय करतात, तर हातहातभर लांब अरुंद गॉजच्या पट्ट्या तेलकट औषधात भिजवून घडीवर घडी घालत नाकात ठासतात. फार दुखतं. भलेभले गडी ओरडतात. कौसल्येने फक्त माझं मनगट धरलं आणि डोळे मिटले.

मग डॉक्टर म्हणाले, "घरात अजून कुणाला असा रक्तस्राव होतो?"

"छ्या!" आबा म्हणाला. "आमच्या घराण्यात असलं काय बी न्हाई. आमचं रगत निरमळ हाय. हे हिच्या आईकडनं आलंया. खर्ड्याकडची हाय ती." आणि काठीने भामाबाईंकडे दाखवलं. काठीने!

लेले डॉक्टर पुण्याचे, मवाळ माणूस, पण खुळे नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, तुम्ही दोघींशी आत बोला. माझ्यापुढे आणि त्यांच्यापुढे त्या तोंड उघडायच्या नाहीत. महिन्याचं विचारा, दातांचं विचारा, बाळंतपणांचं विचारा. बापाकडचं आणि आईकडचं वेगवेगळं."

पडद्यामागे नेऊन मी विचारलं. कौसल्या नाकात बोळे, तोंडाने श्वास घेत म्हणाली, "महिन्याला लई जातं. उठलं की भवळ येती. गोधडी धुवावी लागती."

"कधीपासून?"

"पयल्यापास्नं. मला वाटलं समद्या बायांना असंच हुतं."

सांगा, काय करावं माणसाने? शहाणीसुरती पोर, वर्षानुवर्षं दर महिन्याला अर्धमेली होतेय आणि तिला वाटतंय बाईचा जन्म असाच असतो. का वाटणार नाही? विचारायची सोय कुठे होती! त्या चार दिवसांत बाजूला बसायचं, शिवायचं नाही, बोलायचं तर नाहीच नाही.

भामाबाईंना बोलतं करायला वेळ लागला. मी म्हटलं, "बाई, इथं तुमचे दीर नाहीत. जे खरं ते बोला, पोरीचा जीव आहे." मग एकेक शब्द ओढून काढल्यासारखा आला. कौसल्येच्या बारशाला कान टोचले तर तीन दिवस रक्त पाझरत होतं, म्हणून नाक टोचायचं धाडस केलंच नाही. स्वतः भामाबाईंच्या माहेरी असलं काही नव्हतं. तिची आई, बहिणी, भाऊ, सगळे धडधाकट. पण ती लग्न होऊन या घरी आली आणि त्याच साली नणंद, म्हणजे आबाची सख्खी बहीण, बाळंतपणात रक्त जाऊन मेली. झालं! नवी सून पांढऱ्या पायाची. पुढे कौसल्या लहान असताना नवरा विहीर खोदत होता. सुरुंगाच्या दगडाची एक कपची मांडीला लागली, जखम बोटभर. तीच रात्रंदिवस वाहिली आणि त्यात तो गेला. मग तर काय, पांढरा पाय शाबीतच झाला.

"आणि आबा?" मी विचारलं.

तिने पडद्याकडे बघितलं, आवाज आणखी खाली आणला. "भावजींनी दाढ काढली हुती वैदूकडनं. चार रोज रगत थुकत हुते. वाकळ बदलली मी. कुनाला सांगायचं न्हाई म्हनले."

बहीण, भाऊ, स्वतः हा शहाणा. तिघंही एका आईची लेकरं. आणि दोष खर्ड्याचा! माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

डॉक्टरांना सांगितलं, तसे ते म्हणाले, "टेस्ट करू." साधी असते ती. कानाच्या पाळीला बारीक टोचायचं आणि येणारा थेंब थोड्या थोड्या वेळाने टिपकागदाने टिपायचा. पुसायचं नाही, दाबायचं नाही. कागदावर ठिपके पडत जातात, लहान लहान होत जातात. चांगल्या माणसाचं दोन-चार मिनिटांत थांबतं. कौसल्येचा कागद भरला, दुसरा भरला, तिसरा घेतला. भामाबाईंचं चटकन थांबलं.

मग डॉक्टर आबाला म्हणाले, "आता तुमचा कान द्या. म्हणजे कुणाकडून आलंय ते कळेल, पुढच्यांना जपता येईल."

आबा बाकावरून ताडकन उठला. "माझा? माझा कान कशापायी? मी काय आजारी हाय व्हय?"

"टोचल्यासारखंही वाटणार नाही हो."

"न्हाई म्हंजी न्हाई! मला दोन लेकी हायेत उजवायच्या. उद्या गावात बोभाटा झाला, आबाचं रगत नासलंया, तर त्यांला कोन पदरात घील? पोरीचं काय करायचं ते करा, माझ्या कानाला हात लावायचा न्हाई." आणि काठी आपटत बाहेर गेला. एवढा पुरुषभर माणूस, आणि सुईच्या टोकाला भ्यायला. सुईला नव्हे म्हणा, कागदाला.

कौसल्येला ताजं रक्त चढवावं लागलं. त्या काळी या रोगावर दुसरा इलाजच नव्हता हाताशी. खर्ड्याहून तिचा मामा आला आणि एक शब्द न बोलता दंड पुढे करून झोपला. भामाबाईंच्या माहेरचं रक्त म्हणे खोटं! मी हे आबाला तोंडावर म्हटलंही. तो म्हणाला, "तुमी आपलं काम करा बाई."

आठवड्याने नाक मोकळं झालं, पोरीच्या तोंडावर रंग आला. ती वॉर्डात हिंडायला लागली, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या वेण्या घालायला लागली. जाताना डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून बजावलं. डोकेदुखीला अ‍ॅस्पिरिनची गोळी द्यायची नाही. दात काढायचा तर इथे येऊन. बाळंतपण घरी मुळीच नाही, मोठ्या दवाखान्यात. आणि अंगाला कुठे टोचायचं, कापायचं, गोंदायचं नाही.

तेव्हा आबाने खाकरून विचारलं, "नाक टोचलेलं चालंल का?"

कळलं मला. पोरीचं लग्न कोल्हारला ठरलं होतं. प्रवरेकाठचं गाव, पाटाचं पाणी, ऊस. दुष्काळात आमच्या पूर्वेकडच्या माणसाला त्या पाण्याच्या बाजूचं स्थळ म्हणजे घरबसल्या देव भेटल्यासारखं. अशा स्थळाला नवरीच्या नाकात नथ नको?

डॉक्टर म्हणाले, "अजिबात नाही."

मी म्हटलं, "आबा, चापाची नथ मिळते की. दाबून बसवायची. भोकबिक काही लागत नाही."

"खोटी नथ? आमच्या घरची लेक खोटी नथ घालून बोहल्यावर हुबी ऱ्हानार? तुमच्यात नसंल रीत, आमच्यात हाय."

"रीत जीव घ्यायला असते का? मुलाकडच्यांना सांगा सरळ, डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणून."

"आन् ते इचारतील मनाई का केली, तवा?" आबा म्हणाला. तिथेच त्याचं खरं दुखणं होतं. नथेचं निमित्त. नाक का टोचलं नाही, एवढं कुणी विचारू नये म्हणून नाक टोचायचं. कौसल्या भिंतीशी उभी राहून ऐकत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीच म्हटलं, "तुला काय वाटतं गं?" ती म्हणाली, "मला जगायचं हाय, सिस्टर." इतकं साधं बोलली. आबा डॉक्टरांपुढे "बरं, न्हाई टोचत" म्हणाला आणि ते सगळे गेले.

लग्नाच्या दिवशीच परत आले.

दुपारची ओपीडी संपत आली होती. फाटकातून ट्रक आत शिरला, वऱ्हाडाचा ट्रक, पुढे आंब्याचे डहाळे बांधलेले. मागच्या हौद्यात गोधडीवर हळदीच्या लुगड्यातली नवरी, मुंडावळ्या तशाच, पायाशी भामाबाई. आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन एक जाडजूड, करड्या आवाजाची बाई. कोल्हारची विहीण, म्हणजे कौसल्येची होणारी सासू. ट्रक पुरता थांबायच्या आत ती ओरडली, "बघताय काय! झोळी आना, झोळी!"

आदल्या दिवशी सकाळी आबाने सोनार घरी बोलावला होता. सोन्याची तार आरपार, डाव्या नाकपुडीत. रक्त सुरू झालं. आधी हळद भरली, मग कोळ्याचं जाळं, मग चिंधी जाळून राख. सगळी घाण त्या जखमेत. भामाबाई पाया पडून सांगत होती, नगरला न्या. पण दुपारी पोरीला हळद लागली आणि हळद लागलेली नवरी गावाची शीव ओलांडत नाही! शिवेबाहेर काढली तर बाधा होते म्हणे. घरात जीव चाललाय आणि म्हणे शिवेवर बाधा! त्या रात्री घरातली, भावकीतली एकूण एक माणसं पोरीला बघून गेली, पण नगरला न्या म्हणायला दुसऱ्या कुणाचीही जीभ रेटली नाही. कुणी म्हणालं, "अक्षता पडू द्या, मग बघू." असल्या माणसांना काय म्हणावं? अडाणी म्हणू? मी अडाणी माणसं खूप बघितली, ती लेकरू खांद्यावर टाकून अनवाणी दहा कोस चालत यायची. हे अडाणीपण नव्हतं. हा माज होता, घराण्याचा माज.

वऱ्हाड आलं तरी नवरी दाखवेनात. विहीणबाईंना संशय आला, त्या सरळ आतल्या घरात घुसल्या आणि पोरगी पाहून किंचाळल्या. मग जे झालं ते त्यांनीच मला झोळीबरोबर पळता पळता सांगितलं. "म्या म्हनलं, नथ गेली चुलीत! ट्रक काढा. तर हे आबा आडवं पडलं, शीव वलांडायची न्हाई म्हनून. म्या म्हनलं, माझी सून हाय, बघू कोन आडवतंय." आणि स्वतःच्या नाकातली टपोरी नथ बोटाने टचकन काढून माझ्यापुढे धरली. "ही बघा बाई, माझी बी चापाचीच हाय! नातवानं ओढली, नाकपुडी फाटली, तवापास्नं हीच घालती. आमी कुटं मागितलं हुतं भोक?"

मागितलंच नव्हतं. कुणीही विचारलं नव्हतं.

कौसल्या वाचली, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही जीव मुठीत धरून वाचाल. चार दिवस काही खरं नव्हतं, नाडी लागायची नाही. पण वाचली. पुढे महिन्याने कोल्हारला साधंसं लग्न झालं, सासूची चापाची नथ घालून. दोन बाळंतपणं झाली, दोन्ही पुण्याला मोठ्या दवाखान्यात, रक्ताची सोय करून. मुलीलाही तोच त्रास आहे, पण तिला पहिल्या पाळीपासून आईने समोर बसवून सगळं सांगितलं. कौसल्या मला भेटायला यायची. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती त्या दुपारबद्दल.

जखम धुऊन, औषधाचा बोळा दाबून धरून मी उभी होते आणि डॉक्टर रक्त मागत होते. ट्रकमधून उतरलेला नवरदेव, कपाळाला मुंडावळ्या, अंगाला हळद, म्हणाला, "माझं घ्या." त्याचा गट तपासला, जुळला. तो खाटेवर आडवा झाला. दारात सगळं वऱ्हाड गोळा झालेलं. आबाही आला होता, मागच्या गाडीने. जावयाचं रक्त घेतात हे पाहिलं आणि त्याला पुन्हा घराण्याचं वारं भरलं. छाती पुढे काढून म्हणाला, "जावायाचं कशाला? आमच्या घराण्यात रगत काय कमी हाय? घ्या माझं! लागंल तेवढं घ्या!" आणि बाही सारली.

लेले डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अजून एक बाटली लागेलच. पण मुलीचे सख्खे चुलते तुम्ही, तुमचं रक्त गोठतं का ते बघितल्याशिवाय मला घेता येणार नाही. सिस्टर, आबांचा कान."

आबाचा हात तसाच वर राहिला. विहीणबाई म्हणाल्या, "टोचा की. कानच हाय. पोरीचं नाक टोचलं तवा तर लई घाई हुती." सगळं वऱ्हाड बघतंय. मागे फिरायला जागा नाही. तो स्टुलावर बसला आणि डोळे गच्च मिटले. कौसल्येजवळ दुसऱ्या सिस्टरला उभं करून मी सुई घेतली.

टोचलं. थेंब आला. टिपला. दुसरा आला, टिपला. बारीक व्हायचं नाव नाही. चांगल्या माणसाचं थांबायची वेळ टळून गेली, कागद भरला, मी दुसरा घेतला. विहीणबाई कागदाकडे बघत होत्या, वऱ्हाडातले पुरुष माना खाली घालायला लागले. रक्ताची धार मानेवरून सदऱ्यात उतरली. चाचणी चालू असताना दाबायचं नसतं, हा नियम, मी नियम पाळत होते. आबाने डोळे उघडले, खांद्यावर लाल बघितलं आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "थांबंना की वो बाई," तो म्हणाला. "काय तरी करा. थांबंना."

डॉक्टर म्हणाले, "पुरे. कळलं. दाबा आता."

मी कापसाकडे हात केला, तोवर कुणीतरी मला बाजूला सारून पुढे गेलं. भामाबाई. जन्मभर थोरल्या दिरासमोर जी बाई पदर नाकाच्या वर सरकू देत नव्हती, ती पदर मागे टाकून त्याच्या पुढ्यात उभी राहिली. तिने कापूस घेतला, त्याची पाळी चिमटीत धरली आणि घट्ट दाबली. हलला तर म्हणाली, "हलू नगा. दम धरा. दाबून धरलं की थांबतं."

खूप वेळ ती तशीच उभी होती. मी मनात म्हणत होते, आता बोल बाई, आता तरी बोल, शिव्या घाल, सगळ्या वऱ्हाडापुढे घाल. तिने आवाजसुद्धा चढवला नाही.

"मालकांची मांडी वाहत हुती, तवा मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाई तुमी," ती म्हणाली. "पांढऱ्या पायाची म्हनून. मी नुसतं दाबून धरलं असतं, भावजी."